१९७२ : ज्या वर्षी साहित्य संमेलनच भरलं नाही

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा. ज्यांना फक्त निष्कर्ष हवाय त्यांच्यासाठी यात काही नाही.)

डिसेंबर आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत 'सरत्या वर्षाचं साहित्य' येतं. पाच-सहा वर्षं एका पुरवणीसाठी हे काम माझ्याकडेच होतं, त्यामुळे त्याचा साचा तोंडपाठ आहे. संमेलन कुठे झालं, अध्यक्ष कोण, अकादमी कुणाला, कोण गेलं, कुठल्या पुस्तकाच्या किती आवृत्त्या निघाल्या. खाली एक फोटो. झालं वर्ष.

परवा सहज हाच साचा १९७२ ला लावून बघितला आणि गंमत वाटली. पहिलाच रकाना रिकामा. त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलंच नाही. १९६९ ला वर्ध्याला पु. शि. रेग्यांच्या अध्यक्षतेखाली झालं, त्यानंतर एकदम १९७३ ला यवतमाळला, गदिमांच्या अध्यक्षतेखाली. मधली वर्षं कोरी. म्हणजे साच्याप्रमाणे १९७२ हे मराठी साहित्याचं भाकड वर्ष ठरतं. आणि माझ्या मते गेल्या पन्नास-साठ वर्षांत मराठी लिहिण्याला एवढा मोठा हादरा दुसऱ्या कुठल्या वर्षाने दिला नसेल.

आधी त्या वर्षाची हवा सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळत नाही.

बाहत्तर म्हटलं की आपल्या भागात कुणालाही साहित्य आठवत नाही, दुष्काळ आठवतो. बाहत्तरचा दुष्काळ. लागोपाठ पाऊस हुकलेला, विहिरी तळाला गेलेल्या, अख्खी गावं खडी फोडायला कामावर. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, सुकडी, नालाबांध, पाझर तलाव. रोजगार हमी योजना याच काळात सुरू झाली, तिचा कायदा नंतर १९७७ ला झाला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक. दुसरीकडे स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव. बांगलादेशाचं युद्ध जिंकून आठ-नऊ महिनेच झालेले, त्यामुळे १५ ऑगस्टला रोषणाई, भाषणं, झेंडे यांना तोटा नव्हता. २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं. आपल्याकडे ते यायला पुढे कित्येक वर्षं गेली, तो भाग वेगळा.

वर्तमानपत्रवाल्यांसाठी एक जादा माहिती. त्या वर्षी केंद्र सरकारच्या न्यूजप्रिंट धोरणात मोठ्या दैनिकांवर दहा पानांची मर्यादा घातली होती. दहा पानांत जगभराच्या बातम्या, सरकारी जाहिराती, सिनेमाच्या जाहिराती आणि दुष्काळ. सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर १९७२ ला बेनेट कोलमन खटल्यात हे बंधन उडवलं. पानं कमी केली की विचार कमी होतो, हे निदान न्यायालयाला तरी पटलं होतं. आज पानं चोवीस आहेत, असो.

तर अशा वर्षात काय काय झालं?

१० मार्चला विजय तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' रंगमंचावर आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग. सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग. सखाराम हा छापखान्यातला बाइंडर. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणणारा, लग्न न करता ठेवणारा, आणि हे सगळं लपवून न ठेवणारा. चंपा तर फौजदाराची बायको. छोट्या गावातल्या छापखान्यात ज्यांनी उमेदवारी केलीय त्यांना विचारा, सखाराम आपल्या ओळखीचा निघतो. बिडी, मृदंग, तोंडात शिवी, आणि देवाधर्माच्या बाबतीत स्वतःचेच काही नियम. प्रश्न नाटकात तो होता हा नव्हताच. तो पांढरपेशा प्रेक्षकासमोर मोठ्याने बोलत होता, हा होता.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने काटछाट सांगितली, मग बंदी आली. सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पण कागदावर जिंकणं वेगळं, थिएटर मिळवणं वेगळं. कमलाकर सारंगांनी पुढे 'बाइंडरचे दिवस' नावाचं पुस्तकच लिहिलं त्यावर. नाटक करणाऱ्यांनी तर वाचावंच, पण आपल्यासारख्या बातमीदारांनीही वाचावं. बंदी म्हणजे एक आदेश नसतो. छोट्या छोट्या अडवणुकींची साखळी असते, आणि त्यातल्या बऱ्याच अडवणुका तोंडी असतात, लेखी कुठेच सापडत नाहीत.

पुढची तारीख २९ मे. मुंबईत दलित पँथरची स्थापना. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, मग राजा ढाले आणि इतर. इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते, कारण आपल्याकडच्या जयंतीच्या भाषणांत ती हरवते. ही संघटना काढणारी पोरं मुळात लिहिणारी होती. कवी, लेखक, लघुनियतकालिकवाले. ढालेंनी 'येरू' काढलं होतं. 'सत्यकथे'चा अंक जाळणाऱ्यांत ते होते, 'सत्यकथेची सत्यकथा' लिहिणारेही तेच. म्हणजे आधी त्यांचं भांडण साहित्याशी झालं, मग समाजाशी. किंवा ते दोन्ही एकच भांडण आहे हे त्यांना इतरांच्या आधी कळलं होतं.

आणि रस्त्यावर उतरायला कारणं होतीच. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात बौद्ध स्त्रियांना विवस्त्र करून मारलं गेलं. इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला दलितांवर बहिष्कार टाकला. दुष्काळात पाणी जितकं आटतं तितकी जात वर येते. हे मी पुस्तकातून सांगत नाही, टँकरच्या बातम्या करताना पाहिलेलं सांगतोय. टँकर गावात आला की आधी कुठल्या गल्लीत रिकामा होतो ते बघा.

आता १५ ऑगस्ट. पुण्याच्या 'साधना' साप्ताहिकाचा हा वाढदिवसच. साने गुरुजींनी १९४८ ला याच दिवशी ते सुरू केलं. संपादक यदुनाथ थत्ते. रौप्यमहोत्सवी स्वातंत्र्यदिनाचा विशेषांक दलितांच्या प्रश्नावर काढायचं ठरलं आणि काम आलं तरुण अनिल अवचटांकडे. त्यात राजा ढालेंचा लेख छापला गेला, 'काळा स्वातंत्र्यदिन'.

लेखातला मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो. राष्ट्रध्वजाचा मान राखला नाही तर तीनशे रुपये दंड. दलित बाईच्या अब्रूला हात घातला तर पन्नास रुपये. मग या देशात कशाची किंमत किती? ढालेंनी हे विचारलं, आणि सभ्य मराठीत विचारलं नाही. ध्वजाबद्दल जे शब्द वापरले ते आजही मी इथे लिहू शकणार नाही. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, साने गुरुजींच्या साप्ताहिकात!

व्हायचं तेच झालं. निषेध, मोर्चे, 'साधना'वर पत्रांचा पाऊस. आणि उलट बाजूने पँथरच्या सभांना गर्दी. मे महिन्यात स्थापन झालेली, मुंबईबाहेर फारशी कुणाला माहीत नसलेली संघटना एका लेखाने महाराष्ट्रभर झाली. नागपूर, औरंगाबाद, पुणे, नाशिक. लेख वाचलेले थोडे, लेखाबद्दल ऐकलेले लाखो.

दुर्गा भागवतांनीही त्या लेखाला हरकत घेतली. दुर्गाबाईंचं नाव इथे मुद्दाम घेतोय. याच बाई तीन वर्षांनी, १९७५ ला, कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्ष म्हणून आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिल्या. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री, व्यासपीठावर बसलेले असताना. नंतर तुरुंगातही गेल्या. आपण त्यांना लेखनस्वातंत्र्याची देवता मानतो आणि ते योग्यच आहे. पण बाहत्तरला ढालेंची भाषा त्यांना सहन झाली नव्हती, हेही तितकंच खरं. मी यात दुर्गाबाईंना कमी लेखत नाही. सरकारने तोंड दाबलं तर ते आपल्याला लगेच दिसतं. आपल्यापेक्षा खालून कुणी शिवी दिली की मात्र आपल्याला आधी शिवी ऐकू येते, कारण नंतर. एवढ्या मोठ्या बाईंचं असं झालं, तर तुमचं-माझं काय घेऊन बसलात.

आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी त्या वेळी औरंगाबादला वसतिगृहात होते. ते सांगतात, तो अंक खोल्याखोल्यांतून इतका फिरला की पिना निघून पानं सुटी झाली, आणि मग ढालेंचं पान वेगळंच फिरायला लागलं. दिवाळीच्या सुट्टीत हेच गुरुजी गावी येऊन खडी फोडायला गेले. मजुरी घेतली, वह्या घेतल्या. मी त्यांना विचारलं, लेख वाचून काय वाटलं होतं? म्हणाले, "वाटायचं काय त्यात? आपल्या घरात बोलतात तसं कुणीतरी छापलंय एवढंच वाटलं. असं छापता येतं हे माहीत नव्हतं."

असं छापता येतं! याच वाक्याला धरून मी ढसाळांच्या 'गोलपिठा'कडे येतो.

हा कवितासंग्रहही १९७२ चाच. ढसाळ तेव्हा तेवीस वर्षांचे. गाव पुण्याच्या खेड तालुक्यातलं पूर-कनेरसर, वाढले मुंबईत कामाठीपुऱ्याच्या आसपास, चालवायचे टॅक्सी. प्रस्तावना लिहिली कुणी? पुन्हा तेंडुलकर. तेंडुलकरांनी नुसती वही वाचून प्रस्तावना खरडली नाही. ढसाळांना म्हणाले, मला तो भाग दाखव. रात्री त्यांच्याबरोबर त्या गल्ल्यांतून फिरले. कवितेतले शब्द कळत नाहीत म्हणून कवीलाच अर्थ विचारले, आणि आपल्याला हे शब्द माहीत नव्हते हे प्रस्तावनेत न लाजता लिहिलं. चव्वेचाळीस वर्षांचा, नाव झालेला नाटककार आणि पत्रकार तेवीस वर्षांच्या टॅक्सीवाल्याला मराठी शब्दांचे अर्थ विचारतोय. मला ही त्या वर्षातली सर्वांत मोठी साहित्यिक घटना वाटते, पण ती कुठल्या रकान्यात टाकणार?

'गोलपिठा' सोपा नाही. माझ्या डिप्लोमाच्या वर्षी तो पहिल्यांदा हातात आला तेव्हा निम्मा डोक्यावरून गेला होता. नुसत्या शिव्यांचं पुस्तक म्हणून जे त्याला मोडीत काढतात त्यांनी तो वाचलेला नसतो, आणि जे नुसतं जयजयकार करतात त्यांनीही बऱ्याचदा नसतो. मुंबईच्या पोटातली बोली, कामाठीपुऱ्यातले शब्द, बायबलपासून बाजारापर्यंतच्या प्रतिमा, सगळं एकावर एक कोसळत येतं. त्याच्या आधी बाबुराव बागूल होते, नारायण सुर्वे होते, अण्णा भाऊ तर होतेच. जमीन त्यांनी तयार केली होती. पण 'गोलपिठा'ने वाचकाची परवानगी मागितली नाही, हा फरक.

आता कुणी म्हणेल, अकादमीवाले झोपले होते का? नाही. साच्यातल्या रकान्याशीही न्याय करायला हवा. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला गोदावरी परुळेकरांना, 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकासाठी. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याची हकिगत, लढणाऱ्या बाईनेच लिहिलेली. कम्युनिस्ट कार्यकर्तीच्या पुस्तकाला अकादमी मिळते ही आजच्या मानाने नवलाचीच गोष्ट. तेव्हा 'सगळं प्रस्थापित आंधळं होतं' अशी सोपी मांडणी कुणी करत असेल तर ती खोटी आहे.

त्याच वर्षी तिकडे धारवाडात इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींचा 'काजळमाया' आला. या सगळ्या गदारोळाशी त्याचा काहीही संबंध नाही. जी. ए. ना मोर्चात, ना सभेत, ना वादात. फोटो काढून घ्यायचंही त्यांच्या जिवावर यायचं. पुढच्या वर्षी अकादमी जाहीर झाली, पुस्तक त्या वर्षांच्या मुदतीत बसतं की नाही असा प्रकाशनाच्या तारखेचा वाद निघाला, आणि जी. एं.नी पुरस्कार परत करून टाकला. एका वर्षात 'गोलपिठा' आणि 'काजळमाया'. एकाच भाषेत. माझं मत विचाराल तर दोन्हीतला माणूस तितकाच कोंडीत सापडलेला आहे, फक्त एकाला कोंडणाऱ्याचं नाव ठाऊक आहे. जाणकारांनी मतभेद कमेंटमध्ये नोंदवावेत.

वर्ष संपता संपता, १६ डिसेंबरला पुण्यात भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'. तिसऱ्यांदा तेंडुलकर! प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनची निर्मिती, दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद, नाना फडणवीस मोहन आगाशे. पेशवाईतल्या पुण्याचा कोतवाल घाशीराम, १७९१ ला लोकांनी दगडांनी ठेचून मारलेला. मोरोबा कान्होबांनी १८६३ ला त्याच्यावर पुस्तक लिहिलं होतं. तेंडुलकरांना इतिहास सांगायचा नव्हता. सत्ता आपल्या सोयीसाठी एखाद्या घाशीरामाला कशी मोठी करते, वापरते आणि काम संपलं की जमावाच्या हवाली करते, हे सांगायचं होतं. डोळ्यासमोर तेव्हाची मुंबई होती.

पण लोकांना दिसले ते नाना आणि ब्राह्मण. ब्राह्मणविरोधी, इतिहासाची विटंबना, अशी ओरड झाली. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवलं. नट-तंत्रज्ञ बाहेर पडले, १९७३ ला थिएटर अकादमी उभी राहिली आणि प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० ला परदेश दौऱ्याच्या वेळी परत तोच वाद.

आता हे तीन-चार वाद शेजारी ठेवा. 'सखाराम'ला विरोध संस्कृतीच्या नावाने. ढालेंना विरोध राष्ट्राच्या नावाने. 'घाशीराम'ला विरोध इतिहासाच्या आणि जातीच्या नावाने. 'गोलपिठा'ला नाक मुरडणं अभिरुचीच्या नावाने. आज चॅनेलवर जे काही चालतं त्यातला एक तरी शब्द नवीन आहे का? फरक कुठे आहे ते मला माझ्या धंद्यापुरतं सांगता येईल.

दोनेक वर्षांपूर्वी एका गावात स्मशानभूमीच्या रस्त्यावरून एक अंत्ययात्रा अडवली होती. मयत चार तास उन्हात. कुणी अडवलं, कुणाची अडवली, रस्ता सातबाऱ्यावर कुणाच्या नावे आहे, सगळं लिहून, कागद जोडून मी बातमी पाठवली. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'रस्त्याच्या वादातून दोन गटांत तणाव'. दोन गट! गावात एक गट उन्हात मयत घेऊन उभा होता आणि दुसरा ट्रॅक्टर आडवा लावून. मला कुणी दम दिला नाही, कुणी फोन केला नाही. डेस्कवरच्या मुलाने आपणहून सभ्य केली बातमी. तो वाईट मुलगा नाही, त्याला तसंच शिकवलंय. गावातला वाढदिवसाच्या जाहिराती देणारा माणूस कोण आणि ट्रॅक्टर कुणाचा, हे कुणाला विचारावं लागत नाही.

थत्त्यांच्या 'साधना'चे वाचक कोण होते? बहुतेक मध्यमवर्गीय, समाजवादी विचारांचे, ध्वजवंदनाला न चुकता जाणारे. हा लेख त्यांना कुठे लागणार हे संपादकाला कळत नसेल असं मी मानत नाही. वर्गणीवर चालणारं साप्ताहिक. ढालेंच्या लेखाला 'ग्रामीण भागातील सामाजिक प्रश्न' असं काहीतरी शीर्षक देऊन, चार ओळी कापून तो सहज छापता आला असता. कुणाला पत्ताही लागला नसता.

पँथरचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल, त्यात भागवत जाधव गेले. त्याच वर्षी फूट. ढाले-ढसाळ वेगळे. ढसाळांचे नंतरचे राजकीय प्रवास अनेकांना पटले नाहीत, मलाही काही पटत नाहीत. त्यांना १९९९ ला पद्मश्री मिळाली. तेंडुलकर २००८ ला गेले, ढसाळ २०१४ ला, ढाले २०१९ ला. त्यांच्या मागे मराठीत आत्मकथनांची जी रांग लागली ती सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. त्यातली कितीतरी पुस्तकं आज अभ्यासक्रमात आहेत, परीक्षेला पाच मार्कांच्या टिपेला येतात.

आता कामाचं बोलतो. आपल्या तालुक्यात १९७२ ला दोन वाचनालयं चालू होती, आणि 'साधना' निदान एका ठिकाणी येत होतं असं जुने लोक सांगतात. ऑगस्ट १९७२ चा तो अंक कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, रद्दीत असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. विकत नको, फोटो काढून परत देतो. त्या वर्षी दुष्काळी कामावर गेलेल्या आणि लिहिता-वाचता येणाऱ्या कुणी डायऱ्या, पत्रं ठेवली असतील तर तीही बघायची आहेत. विशेषतः बायकांची. आणि 'सखाराम'चा प्रयोग जिल्ह्याच्या ठिकाणी झाला होता का, झाला असेल तर कुठल्या थिएटरात आणि बाहेर काय झालं, हे त्या पिढीतल्या कुणीतरी सांगावं. आई-वडिलांना, आजोबांना विचारा. व्हॉइस नोट चालेल.